ओढण्याची साखळी व उचलण्याची साखळी

आसगाव (तालुका पवनी, जिल्हा भंडारा) हा धानाचा मुलूख आहे. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधीत रुतला, म्हणजे दुसरा ट्रॅक्टर आणून लोखंडी साखळीने तो ओढून काढण्याची रीत या भागात सर्वांच्या परिचयाची आहे. रोवणी आटोपली की ती साखळी कोठीत टांगली जाते. पुढे उन्हाळ्यात विहिरीतील मोटार वर काढावयाची झाली, सिमेंटची रिंग आत सोडावयाची झाली किंवा धानाच्या गिरणीतील यंत्र जागेवरून हलवावयाचे झाले, की तीच साखळी पुन्हा खाली उतरविली जाते. जिने ट्रॅक्टर ओढला ती मोटार का उचलणार नाही, असा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्याची किंमत विहिरीच्या तळाशी उभा असलेला माणूस देतो.

ओढताना साखळी तुटली तर ट्रॅक्टर जागच्या जागी राहतो. (तुटलेला तुकडा उसळून इजा करतो, म्हणून तेथेही साखळीच्या रेषेत कोणी उभे राहू नये.) उचलताना साखळी तुटली तर सर्व वजन खाली येते. शिवाय चिखलातून ओढताना साखळीस वारंवार झटके बसतात. झटक्याने कडी किंचित लांबते आणि एकदा ताणलेली कडी पूर्ववत होत नाही. अशी साखळी वरून धडधाकट दिसते, पण तिची ताकद किती उरली हे कोणासच सांगता येत नाही.

वजन उचलण्यासाठी वेगळी साखळी मिळते. बाजारात तिला ‘चेन स्लिंग’ म्हणतात. या लेखात तिला उचल-साखळी म्हटले आहे. ती मिश्र पोलादाची असून तिच्या कड्यांवर ठरावीक अंतराने ८ किंवा ८० असा प्रतीचा आकडा उमटविलेला असतो. याहून वरची १०० ही प्रतही मिळते. आकड्याचा अर्थ समजण्यास कठीण नाही. ८० प्रतीच्या साखळीच्या एक चौरस मिलिमीटर छेदावर सुमारे ८० किलो भार आल्याखेरीज ती तुटू नये, अशी ती बनविलेली असते. ८ मिलिमीटर जाडीच्या कडीच्या एका बाजूचा छेद सुमारे ५० चौरस मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून १०० भरतो. तेव्हा ती सुमारे ८,००० किलोंवर तुटेल. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे २,००० किलो, हा तिचा सुरक्षित भार. याच रीतीने ६ मिलिमीटरच्या साखळीचा सुरक्षित भार १,१२० किलो व १० मिलिमीटरच्या साखळीचा ३,१५० किलो धरला जातो. उरलेले तीन हिस्से राखीव आहेत. ते झटका, झीज व माणसाचा अंदाज चुकणे यांसाठी ठेवलेले आहेत, आपल्या सोयीसाठी नव्हेत. लोखंडी सामानाच्या दुकानात वजनावर विकल्या जाणाऱ्या बिनखुणेच्या साखळीसंबंधी असा हिशेबच मांडता येत नाही, म्हणून ती कितीही जाड असली तरी उचलण्याच्या कामी वर्ज्य समजावी.

साखळी निवडण्यापूर्वी उचलावयाचे वजन काढावे. यंत्राचे वजन पुष्कळदा त्यावरील पट्टीवर लिहिलेले असते. सिमेंटच्या रिंगचे वजन मापावरून निघते : आतून १२० सेंटिमीटर व्यासाची, १० सेंटिमीटर जाडीची व ५० सेंटिमीटर उंचीची रिंग सुमारे ५०० किलो भरते. नळासह पंप वर काढताना नळातील पाणी विसरले जाते. तीन इंची नळात दर मीटरला सुमारे ५ लिटर पाणी असते; फूटव्हॉल्व्ह बंद असल्यास ते आतच राहते आणि १२ मीटर नळामागे ६० किलो वजन वाढते. गाळात बसलेली वस्तू तर कधीही एकदम ओढू नये. गाळ तिला धरून ठेवतो व ती सुटताना झटका देतो. आधी भोवतीचा गाळ मोकळा करावा.

आता सर्वांत अधिक चुका होतात त्या गोष्टीकडे वळू. दोन पदरी साखळी घेतली म्हणजे भार निम्मा झाला असे मानले जाते. पाण्याने भरलेली घागर दोघांनी दोन बाजूंनी धरून जवळजवळ चालावे, नंतर एकमेकांपासून दूर सरकून तीच घागर धरून पाहावी. हाताला रग कोठे लागते ते लगेच कळेल. साखळीचेही तसेच आहे. १,००० किलोंचे वजन दोन उभ्या पदरांवर असेल तर प्रत्येकावर ५०० किलो ताण येतो. खालच्या दोन टोकांतील अंतर एका पदराच्या लांबीएवढे झाले की ताण ५७७ किलो होतो. अंतर पदराच्या सुमारे १.४ पट झाले की ७०७ किलो, आणि १.७ पटीच्या किंचित वर गेले की एकेका पदरावर पुरे १,००० किलो! दोन पदर लावूनही एकाच पदराने उचलल्यासारखे झाले. यासाठी कोन मोजण्याचे यंत्र लागत नाही. एक काठी पदराच्या लांबीची तोडावी आणि दोन टोकांतील अंतर त्या काठीहून अधिक होऊ देऊ नये. अधिक होत असेल तर लांब पदरांची साखळी आणावी. बिल्ल्यावर भारासमोर जे अंश लिहिलेले असतात, ते उभ्या रेषेपासून मोजलेले असतात हेही ध्यानात ठेवावे.

रिंग उचलण्यास तीन पदर उत्तम, कारण तिन्ही पदर आपोआप ताणात येतात. चार पदरांत एखादा पदर किंचित लांब असला तरी सर्व वजन समोरासमोरच्या दोघांवरच पडू शकते.

साखळीचा फास घालून वस्तू उचलावयाची असल्यास तिची ताकद चार पंचमांशच धरावी. यंत्राच्या धारदार कडेवरून साखळी वाकत असेल तेथे जुन्या टायरचा तुकडा किंवा लाकडी ठोकळा द्यावा. पीळ पडलेली वा गाठ मारलेली साखळी वापरू नये. प्रस्तुत लेखकाने एका शेतावर दोन तुकडे बोल्टने जोडलेली साखळी पाहिली. बोल्ट धनुष्यासारखा वाकला होता. विचारता मालक म्हणाले, ‘दहा वर्षे झाली, काही झाले नाही.’ वाकलेला बोल्ट काही वेगळेच सांगत होता.

तुटलेली कडी गावातील वेल्डरकडून जोडून घेऊ नये. मिश्र पोलादाला विशिष्ट उष्णता देऊन बळ आणलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते जाते. गंज काढण्यासाठी साखळी तेजाबात बुडविणेही घातक, त्याने हे पोलाद ठिसूळ होते. १० मिलिमीटरची कडी झिजून ९ मिलिमीटरवर आली, तडा दिसला, कडी लांबली किंवा आकड्याचे तोंड उघडले, तर ती साखळी बाद करावी. नवी असतानाच तिची लांबी मोजून लिहून ठेवल्यास पुढे ताण ओळखता येतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने अशा साखळ्यांची बारा महिन्यांतून निदान एकदा तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, असा दंडक कारखान्यांसाठी घातला होता. शेतावरील विहिरीला तो लागू नव्हता, पण विहिरीतील माणसाचा जीव कारखान्यातील माणसाहून स्वस्त नाही.

पवनी तालुक्यातच गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील इंदिरासागर धरणाला ३३ दरवाजे आहेत. तसल्या कामावर हिशेब करण्यास अभियंते असतात. विहिरीवर तो हिशेब गावकऱ्यांनाच करावा लागतो, म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो शिकून घ्यावा. प्रत्येक शेतकऱ्याने साखळी घेण्याची गरज नाही. शेतकरी गटाने किंवा सोसायटीने ८ मिलिमीटरची, बिल्ला व चाचणीचे प्रमाणपत्र असलेली एक दोन पदरी साखळी घेतल्यास मोटारी व गिरणीतील लहान यंत्रे यांचे काम भागते. मात्र चेनकप्पी व तिपाई यांचा सुरक्षित भारही पाहावा. तिघांत जो कमी तोच खरा. विहिरीत पडलेला ट्रॅक्टर हे या साखळीचे काम नव्हे. त्याचेच वजन दोन टनांच्या घरात असते, वर गाळ व पाणी. तेथे क्रेनच बोलवावी.

काम सुरू करताना वजन प्रथम वीतभर उचलून थांबावे, साखळीचे पदर व तिपाईचे पाय पाहावेत, मगच पुढे जावे. वजन लोंबकळत असताना विहिरीत कोणीही नसावे. वस्तू वळवावयाची असल्यास तिला दोर बांधून काठावरून वळवावी. काम झाल्यावर साखळी पुसून, तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी टांगावी. ओढण्याच्या साखळीच्या दोन्ही टोकांस लाल रंग द्यावा व ती ट्रॅक्टरजवळच ठेवावी. उचल-साखळी कुलपात ठेवून तिची किल्ली नोंदवही लिहिणाऱ्याकडे द्यावी.