घटक ४ : वाणी, यंत्र आणि मराठी



उच्चारणासाठी जीभ, ओठ, स्वरतंतू आणि श्वसनाचे स्नायू यांना मेंदूचे आदेश मिळावे लागतात. एएलएससारख्या चेता-स्नायू विकारात ही वाट हळूहळू तुटते. उच्चार अस्पष्ट होतात, पुढे वाणी थांबते. अनेकांची भाषेची जाण मात्र शाबूत असते. म्हणून ‘बोलता येत नाही’ आणि ‘भाषा उरली नाही’ ही दोन विधाने भिन्न आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे.

४.१ साधने

अक्षरफलक, एका बटणावर चालणारा संगणक, नजरेने अक्षर निवडण्याची सोय ही साहाय्यक तंत्रज्ञानाची रूपे होत. स्टीफन हॉकिंग यांची वाणी १९८५ मध्ये श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेनंतर गेली. पुढील काळात ते गालाच्या हालचालीने शब्द निवडीत. अधिक सुबक आवाज उपलब्ध झाल्यावरही त्यांनी जुना यांत्रिक आवाजच राखला. तो त्यांची ओळख बनला होता. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी विभागात ‘जेलो’ हे चित्राधारित अ‍ॅप तयार झाले. सेरेब्रल पाल्सीसारख्या कारणांनी बोलू न शकणाऱ्या मुलांना त्यातून मराठीतही संवाद साधता येतो.

४.२ मराठीचे प्रश्न

एकेक अक्षर निवडणे कष्टाचे असल्याने यंत्राने पुढचा शब्द सुचवावा लागतो. त्यासाठी त्याला ‘पाणी’चे ‘पाण्यात’ या शब्दात होणारे ‘पाण्या’ हे सामान्यरूप ठाऊक हवे. ‘मी आलो’ की ‘मी आले’, ‘तू’ की ‘तुम्ही’, हेही ठरवावे लागते. स्त्रीच्या यंत्रातून ‘मी आलो’ उमटले, तर ते वाक्य तिचे राहत नाही.

बोईसरजवळच्या सरावलीतील एका आजींची कल्पना करा. घरात वाडवळी बोलली जाते. यंत्र मात्र प्रमाण मराठी बोलते. त्यातून ‘पाणी हवे’ सांगता येईल, पण नातवाची थट्टा त्यांच्या बोलीत कशी करावी? गरज भागणे आणि माणसांत जगणे यांतील अंतर ते हेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ‘संवाद’ या संज्ञेत पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश करतो. त्या पद्धतींत बोलींना स्थान मिळवून देणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

स्वयं-अध्ययन

आपल्या घरातील एका दिवसाच्या बोलण्यातून दहा वाक्ये जशीच्या तशी टिपा. त्यांपैकी गरज सांगणारी किती आणि नाते जपणारी किती, ते मोजा. संवादफलकावर यांपैकी कोणती पाच वाक्ये प्रथम असावीत, ते सकारण लिहा.