सायकलस्वाराची नोंद आणि वर्गातील प्रगतीपत्रक
(इयत्ता सहावी व सातवी : गणित)

वेग, काळ व अंतर यांचा पाठ बहुधा दोन स्थानकांवरून निघालेल्या आगगाड्यांवर शिकविला जातो. मुले सूत्र पाठ करतात, उत्तर काढतात आणि विसरतात. नाशिक जिल्ह्यातील शिक्षकांच्या हाताशी याहून सजीव उदाहरण आहे.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल-शर्यत दोघांच्या संघाने 8 दिवस 14 तास 55 मिनिटांत पूर्ण केली. त्या सुमारास नाशिक येथे सेवेत असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ 2016 साली याच शर्यतीत एकटे उतरले, परंतु ती त्यांना पुरी करता आली नाही. 2017 साली ते पुन्हा गेले आणि सुमारे 4,900 किलोमीटर अंतर त्यांनी 11 दिवस 18 तास 45 मिनिटांत तोडले.

हा भागाकार मुलांकडून करवून घ्यावा. उत्तर ताशी 17 किलोमीटरांहून थोडेसे अधिक येईल. “एवढेच? आमचा दूधवाला याहून जोरात जातो,” असे एखादा मुलगा म्हणेलच. त्याला गप्प करू नये. पाठ खरा तेथूनच सुरू होतो. या सरासरीत झोप, जेवण, घाट आणि सायकलची दुरुस्ती हे सारे आले, ही गोष्ट मुलांनी स्वतः शोधावी.

दुसरे उदाहरण घरचे घ्यावे. नाशिक ते त्र्यंबकेश्वर हे अंतर सोयीसाठी 30 किलोमीटर धरावे. जाताना चढ आहे म्हणून वेग ताशी 10, येताना ताशी 30. सरासरी किती? जवळजवळ सारा वर्ग 20 म्हणेल. मग तास मोजावेत : जाण्यास 3, येण्यास 1; एकूण 60 किलोमीटर, 4 तास; सरासरी 15. संथ प्रवासास वेळ अधिक लागतो, म्हणून त्याचे वजनही अधिक पडते. हे फळ्यावर न सांगता दोरीने मोजलेल्या पटांगणावर एकदा चालून व एकदा धावून दाखवावे. त्यासाठी सायकलही लागत नाही, आणि ती प्रत्येक घरी असतेच असे नाही.

आता नोंदीविषयी. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत ‘ब्रेव्हे’ नावाच्या फेऱ्यांची पद्धत आहे. 200 किलोमीटरांस साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास अशी मर्यादा असते. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एकाच हंगामात चारही पल्ले पुरे करणारास ‘सुपर रँडोनर’ म्हणतात. वाटेतील ठाण्यांवर पत्रिकेवर वेळ नोंदविली जाते. 90 किलोमीटरांवरील ठाणे सहा तासांनी बंद होते. म्हणजे मागे पडल्याचे शेवटी नव्हे, वाटेतच कळते. यात पहिला-दुसरा असा क्रम लावीत नाहीत, हे विशेष ध्यानात घ्यावे.

प्रस्तुत लेखकाने पूर्वी एका वर्गात पटांगणाच्या फेऱ्यांचे वेळ क्रमवार लिहून भिंतीवर लावले होते. शेवटच्या नावाचा मुलगा पुढील दोन खेळांच्या तासांना आला नाही. चूक सर्वस्वी माझी होती. पुढे प्रत्येकाच्या हाती स्वतःची पत्रिका दिली : तारीख, अंतर, लागलेला वेळ, मागील वेळेशी फरक, पुढील लक्ष्य. लक्ष्य मुलाने स्वतः लिहावे, आणि ते फार दूरचे असल्यास शिक्षकाने मधले ठाणे सुचवावे.

शेवटचा रकाना ‘कारण’ असा ठेवावा. ऊन, ताप, उपाशीपोटी येणे, पंक्चर, जे असेल ते तेथे यावे. अपुरी राहिलेली फेरीही खोडू नये; किती अंतरावर व कशाने थांबली, ते लिहावे. आठ आठवड्यांनी याच आकड्यांवरून मुले चौकटीच्या कागदावर आलेख काढतील. त्या मुलाच्या आलेखात तिसऱ्या आठवड्यात एक खोल उतार होता, कारणाच्या रकान्यात त्याने लिहिले होते, “बहिणीला कडेवर घेऊन चाललो.”