पोरगा जिमला जातोय, घरानं काय पाहावं?

मार्च उजाडला की वस्तीतल्या जिमला गर्दी होते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा टी-शर्ट दंडावर घट्ट बसला पाहिजे, एवढीच साधी हौस त्यामागे असते. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नाही. नाक्यावर गुटखा चघळत बसण्यापेक्षा पोरगा पत्र्याच्या शेडमध्ये घाम गाळत असेल, तर घरानं त्याला आडकाठी करू नये. व्यायामानं साखर आणि रक्तदाब ताब्यात राहायला मदत होते, हाडं मजबूत होतात, झोप चांगली लागते, मन हलकं होतं. जिम बंद करा असं सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात रक्तदाब तपासायचं टेबल मांडलं होतं. रांगेत बहुतेक आजी-आजोबाच होते. तेवढ्यात जिमची चार-पाच पोरं गंमत म्हणून आली. त्यातल्या एकाच्या दंडाला आमच्या यंत्राचा पट्टा पुरेना. लहान पट्ट्यानं आकडा खोटा चढतो, म्हणून मोठा पट्टा मागवला. तरीही १६८/१०४. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतला, जवळपास तेवढाच. वय वर्षं चोवीस. तो हसला. मागे त्याची आई उभी होती. ती म्हणाली, "ताई, हा तर दारूला शिवत पण नाही. रोज दोन तास व्यायाम करतो." तिचं खरंच होतं. आई पाणी आणायला गेल्यावर पोरानं खाली मान घालून सांगितलं की तीन महिन्यांपासून आठवड्याला एक इंजेक्शन चालू आहे. कसलं, ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. ट्रेनर देतो आणि तो घेतो, एवढंच.

असे किती असतील ते आम्ही मोजलेलं नाही. पण त्या दिवसानंतर आम्ही पोरांशी बोलू लागलो आणि "कोर्स", "सायकल" हे शब्द वारंवार ऐकू आले.

आधी पोरं हे का करतात ते समजून घेऊ. कुणाला पोलीस भरतीत उतरायचंय, कुणाला बाउन्सरची नोकरी हवीय, कुणाला जिल्ह्याच्या "श्री" स्पर्धेत स्टेजवर उभं राहायचंय. पण बऱ्याच जणांची गोष्ट याहून साधी असते. ज्या पोराला शाळेत, कामावर, सोसायटीच्या गेटवर कुणी मोजलं नाही, त्याला दंड भरल्यावर लोक वाट देतात, "भाऊ" म्हणतात. ही गोष्ट लहान नाही. तिला हसून उडवू नये. आई-बाप "कशाला हे खूळ" म्हणाले की पोरगा त्यांना काही सांगायचं बंद करतो, आणि मग त्याला सल्ला द्यायला फक्त ट्रेनर उरतो.

आता त्या इंजेक्शनबद्दल. जिममध्ये चालणारी औषधं मुख्यतः दोन जातीची. पहिली स्टेरॉइडची: टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल, मेथँडिएनोन. हा पुरुषी संप्रेरकाचा बाहेरून दिलेला मोठा डोस असतो. त्यानं स्नायू भराभर वाढतात, हे खोटं नाही. खोटं असतं ते "साइड इफेक्ट काही नाही" हे वाक्य. बाहेरून एवढा माल येतोय म्हटल्यावर मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. वृषणं आकसतात, शुक्राणू कमी होतात, कधी अगदी शून्यावर येतात. औषध सोडल्यावर ते परत यायला काही महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक. इथे आम्हाला घरातल्या वडीलधाऱ्यांशी स्पष्ट बोलायचंय. लग्नाला दोन वर्षं झाली, पाळणा हलत नाही, म्हणून सुनेला दवाखान्या-दवाखान्यांतून फिरवलं जातं, आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणीही होत नाही. नवरा जिमवाला असेल तर पहिली तपासणी त्याचीच करा.

याच औषधानं चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, वाईट वाढतं, रक्त दाट होतं, रक्तदाब चढतो, हृदयाची भिंत जाड होते. गोळ्यांनी यकृतावर ताण येतो. पाठीवर पुटकुळ्या उठतात, केस गळतात, काहींच्या स्तनाग्राखाली गाठ येऊन छाती बाईसारखी दिसू लागते. मग तो पोरगा उन्हाळ्यातही बनियन काढत नाही. एकच बाटली चार जणांत, सुईसुद्धा एकच, असं असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

दुसरी जात मेफेन्टरमाइन या इंजेक्शनची. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब खाली घसरला, तर तो वर आणायला डॉक्टर हे वापरतात. त्यानं स्नायू वाढत नाहीत. फक्त अंगात वारं भरल्यासारखं होतं, थकवा जाणवत नाही, म्हणून पोरं व्यायामाआधी टोचून घेतात. पुढे त्याची सवय लागते. छाती धडधडते, झोप उडते, संशय वाढतो, काहींना कानात आवाज ऐकू येतात. राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी याचे साठे पकडले आहेत. ही दोन्ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, हे दुकानदारालाही माहीत असतं.

स्पर्धेवाल्यांचा आणखी एक प्रकार असतो. स्टेजवर शिरा उठून दिसाव्यात म्हणून दोन दिवस पाणी तोडायचं आणि लघवी होण्याच्या गोळ्या खायच्या. त्यानं रक्तातलं पोटॅशियम बिघडतं आणि हृदयाचा ठोका चुकतो. मोहम्मद बेनाझिझा हा नावाजलेला खेळाडू १९९२ साली हॉलंडमधली स्पर्धा जिंकला आणि काही तासांतच गेला. ऑस्ट्रियाचा आंद्रेयास म्युन्झर १९९६ साली एकतिसाव्या वर्षी गेला. एकेक अवयव बंद पडत गेला. त्यांच्याजवळ पैसा होता, मोठी हॉस्पिटलं होती. आपल्या पोराजवळ काय आहे?

पोलीस भरतीच्या पोरांना एक सांगणं. मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतो. दंडाचा घेर कुणी मोजत नाही. फुगवलेलं वजन घेऊन १६०० मीटर धावताना दम लागतो, तो वेगळा.

खाण्याकडे येऊ, कारण खरा पैसा तिथे जातो. दोन-तीन हजारांचा पावडरचा डबा आणायचा आणि घरात भाजीला पैसे नाहीत, हे आम्ही पाहिलंय. पावडर म्हणजे विष नव्हे. ते दुधातलं प्रथिनच असतं. पण ते लागतंच असं नाही, आणि बाजारात बनावट डबेही पुष्कळ आहेत. वजनी व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे साधारण दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. म्हणजे साठ किलोच्या पोराला दिवसाला नव्वद-पंच्याण्णव ग्रॅम. आता मोजा. चार अंडी म्हणजे चोवीस ग्रॅम. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या भिजवून रश्श्यात टाकल्या तर पंचवीस. दोन वेळची घट्ट डाळ बारा-तेरा, चार चपात्या बारा, पन्नास ग्रॅम फुटाणे दहा, मूठभर शेंगदाणे सात, एक पेला दूध आठ. झाले की शंभराच्या जवळ. ज्या दिवशी चिकन, वजडी किंवा सुकट असेल त्या दिवशी अंडी-वड्या कमी करा. अंडी उकडून खा. कच्च्या अंड्यातलं प्रथिन शरीराला कमी मिळतं, शिवाय जंतूंची भीती असते. मनोहर आइच नावाचे बंगालचे पैलवान, उंची जेमतेम चार फूट अकरा इंच, १९५२ साली त्यांच्या उंचीच्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले. डाळ-भात आणि मासे खाणारा माणूस. शंभरी पार करून २०१६ साली गेले. ज्याला आधीच मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यानं मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

झोपेचं गणित आपल्या घरांत अवघड आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, टीव्ही अकरापर्यंत, पहाटे पाण्याची पाळी. पण स्नायू जिममध्ये वाढत नाही, तो विश्रांतीत भरतो. रात्रपाळी करून थेट जिमला जाणारा पोरगा स्वतःला झिजवतोय. त्याला सात तास झोप मिळावी म्हणून घरानं एक कोपरा, एक पडदा, थोडी शांतता द्यावी. डबाभर पावडरीपेक्षा ती जास्त कामाची आहे. आठवड्यातून निदान एक-दोन दिवस सुट्टी हवी. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट विहारात आपण ऐकली असेल. चंक्रमण करून करून त्याच्या पायांतून रक्त आलं, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांबद्दल विचारलं होतं. तार फार ताणली तरी वाजत नाही आणि ढिली सोडली तरी नाही. अमेरिकेचा रॉनी कोलमन १९९८ ते २००५ असा सलग आठ वेळा मिस्टर ऑलिम्पिया झाला, आणि आज अनेक शस्त्रक्रियांनंतर कुबड्यांवर चालतो. कमरेत कळ आली की त्या दिवशी वजन खाली ठेवायचं. अवघड व्यायामानंतर लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली तर स्नायू फाटून मूत्रपिंडावर भार आलेला असू शकतो. सकाळची वाट न बघता सरकारी रुग्णालयात जायचं. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात हे लवकर होतं.

मनाचं दुखणं उशिरा दिसतं. पोरगा दिवसातून दहा वेळा आरशात बघतो आणि तरी म्हणतो, "मी काडीसारखाच आहे." लोक म्हणतात केवढा झालास, त्याला पटत नाही. बहिणीच्या हळदीला यायचं टाळतो, कारण संध्याकाळी छातीचा व्यायाम आहे. मावशीच्या घरी जेवत नाही. दुखापत झाली तरी थांबत नाही. डॉक्टरांनी १९९७ साली या दुखण्याला "मसल डिसमॉर्फिया" असं नाव दिलं. हा नखरा नाही आणि "डोक्यात हवा गेलीय" असंही नाही. मोबाइलवर रोज दिसणारी शरीरं औषधांची, उजेडाची आणि कॅमेऱ्याच्या कोनाची असतात. त्यांच्याशी तुलना करणारा पोरगा कधीच जिंकत नाही. स्टेरॉइड चालू असताना चिडचिड, हात उगारणं वाढतं. सोडल्यावर उलट होतं: पोरगा गप्प होतो, अंथरुणातून उठत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतो. घरात भांडण करून इंजेक्शन एकदम बंद पाडू नका. डॉक्टरला खरं सांगून, त्यांच्या देखरेखीखाली सोडवा. मरणाची भाषा ऐकू आली तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं.

मुलींबद्दल एवढंच: आता आपल्या मुलीही वजनं उचलतात, आम्हाला आनंद आहे, वजनं उचलून बाई "पुरुषासारखी" होत नाही. पण स्टेरॉइडनं आवाज घोगरा झाला तर तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. आणि वजन उतरवण्याच्या नादात पाळी थांबली, तर ते फिटनेसचं लक्षण नाही. डॉक्टरकडे जा.

वर्षातून एकदा जिमवाल्यानं रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी करावी. महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात यातल्या बहुतेक तपासण्या होतात. क्रिएटिन घेत असाल तर डॉक्टरला आधी सांगा. त्यानं मूत्रपिंडाच्या तपासणीतला एक आकडा थोडा वर दिसतो आणि उगाच घाबरगुंडी होते.

घरात विषय काढायचा तर आईनं औषधाचं नाव घेऊन सुरुवात करू नये. "तुझं बीपी कधी मोजलंस?" एवढंच विचारावं. त्या दिवशी विहारात आम्ही तसंच केलं. दुसऱ्या दिवशी तो चोवीस वर्षांचा पोरगा आईबरोबर दवाखान्यात गेला, पण आत एकटाच बसून डॉक्टरशी बोलला. मावशी बाहेर बाकावर थांबल्या, काय बोलणं झालं ते त्यांनी विचारलं नाही. पुढचे दोन-तीन महिने तो घरात फार गप्प होता, तेव्हाही त्या रोज रात्री त्याच्याजवळ बसायच्या.

परवा तो भेटला. अजून जिमला जातो, ट्रेनर मात्र बदललाय. दंड दीड इंच उतरला, हे त्यानं आम्हाला आधी सांगितलं, जरा नाराजीनंच. रक्तदाब १३२/८४ आलाय, ते नंतर.