वेब ॲपची अवजारे: फुकट काय, विकत काय

तीन-चार जणांची कंपनी काढून घाऊक व्यापारी, पतसंस्था, क्लासवाले यांना वेब ॲप करून देणारी बरीच मुले आज नाशिक, सांगली, कोल्हापुरात आहेत. सुरुवातीला त्यांची चर्चा रंगते ती एकाच मुद्द्यावर : रिॲक्ट, अँग्युलर की व्ह्यू? खिशाच्या दृष्टीने हा वाद गौण आहे. तिन्हींचे लायसन्स एमआयटी, म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेऊन केलेल्या कामातही फुकट वापरता येतात. व्हीएस कोड फुकट, नोड आणि पोस्टग्रेस फुकट. गिटहबवर २०२० पासून टीमलाही खासगी रिपॉझिटरी पैसे न देता मिळते. एसएसएल सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट देते. कोड लिहायला बसेपर्यंत एक रुपयाही लागत नाही. पैसे जातात ते त्यानंतर.

पहिला खर्च अपग्रेडचा. तो कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही आणि तोच सर्वांत महागात पडतो. अडोबीने फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला, मायक्रोसॉफ्टने सिल्व्हरलाइटचा ऑक्टोबर २०२१ मध्ये. त्यांवर उभी असलेली ॲप्स नव्याने लिहावी लागली. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. गूगलच्या अँग्युलरजेएसचा सपोर्ट २०२१ च्या अखेरीस संपला, व्ह्यू २ चा २०२३ च्या अखेरीस. आजच्या अँग्युलरच्या प्रत्येक मोठ्या व्हर्जनला १८ महिने सपोर्ट मिळतो, नोडच्या दीर्घ सपोर्टच्या व्हर्जनला साधारण ३० महिने. त्यामुळे तुम्ही बांधलेल्या प्रत्येक ॲपमागे वर्षाला किमान एक आठवडा अपग्रेडसाठी धरा आणि तो वार्षिक देखभालीच्या करारात पैशांसह लिहा. ‘आत्ता काम मिळू दे, पुढचे पुढे पाहू’ म्हणणाऱ्यांना तिसऱ्या वर्षी तोच आठवडा महिन्याच्या कामाएवढा झालेला दिसतो.

यातूनच निवडीची कसोटी मिळते. तुमच्या गावात, तुम्हाला परवडेल त्या पगारात, ज्याची माहिती असलेला माणूस मिळतो ते फ्रेमवर्क घ्या. टीममधला एकच जण जाणतो असे सुंदर अवजार, तो पुण्याला नोकरीला गेला की ओझे होते.

दुसरा खर्च तयार घटकांचा, त्यातही ग्रिडचा. व्यापाऱ्याला हवे असते ते एक्सेलसारखे दिसणारे, गाळता-लावता येणारे कोष्टक. एजी ग्रिडची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे. सॉर्टिंग, फिल्टर, सीएसव्ही फाइल काढणे हे सगळे तिच्यात आहे. ओळींचे गट पाडणे, पिव्हट, थेट एक्सेल फाइल हे मात्र एंटरप्रायझ आवृत्तीत येते आणि तिचा दर माणशी साधारण हजार डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर चार डेव्हलपरचे साडेतीन लाखांच्या वर. ग्राहकाच्या सीएला खरोखर पिव्हट लागतो, की सीएसव्ही उघडून तो स्वतःच करून घेईल, हे आधी विचारा. माझ्या मते दहापैकी आठ कामांना कम्युनिटी पुरते. सिंकफ्यूजनचे कम्युनिटी लायसन्स हाही चांगला पर्याय आहे : वार्षिक उलाढाल १० लाख डॉलरच्या आत आणि डेव्हलपर पाचपर्यंत, अशा कंपनीला ते फुकट मिळते, एकूण कर्मचाऱ्यांवरही मर्यादा आहे, ती नीट वाचा. अशा मर्यादा फार ठिकाणी असतात. डॉकर डेस्कटॉप २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि एक कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असेल तरच फुकट आहे. वेबस्टॉर्म ऑक्टोबर २०२४ पासून फुकट झाले, पण बिगर-व्यावसायिक वापरापुरते. शिकताना वापरा, ग्राहकाचे काम करायचे तर लायसन्स घ्या. जेटब्रेन्सचे वर्षाचे पैसे भरले की पुढे नूतनीकरण केले नाही तरी त्या वर्षाच्या सुरुवातीची आवृत्ती कायम वापरता येते, एवढी सोय आहे.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक तपासणी करावी. परदेशी तुलनेच्या तक्त्यांत ती सापडणार नाही. बिल किंवा पावतीची पीडीएफ करणारी लायब्ररी निवडण्याआधी तिच्याकडून ‘कृष्णा’, ‘विश्वस्त’, ‘ज्ञानेश्वर’, ‘द्वितीय’ हे शब्द छापून पाहा. जेएसपीडीएफसारख्या लोकप्रिय लायब्ररीत देवनागरीची जोडाक्षरे तुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी बसते. पतसंस्थेच्या सभासदाला त्याचे नाव असे मोडके छापून देणे बरे नाही. सर्व्हरवर क्रोम न दिसता चालवून त्याच्याकडून पान छापून घेतले की अक्षरे बरोबर येतात. पपेटिअर हे काम फुकट करते. फक्त क्रोमला मेमरी लागते, १ जीबीचा सर्व्हर अपुरा पडू लागतो, आणि होस्टिंगच्या अंदाजात तेवढी वाढ धरावी लागते. तसेच सीएसव्ही फाइल स्वतःच्या कोडने तयार करत असाल, तर यूटीएफ-८ मध्ये करून सुरुवातीला बीओएम घाला, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

आता होस्टिंग. डिजिटलओशनच्या बंगळूर केंद्रातला १ जीबीचा साधा सर्व्हर महिना ६ डॉलरला आणि २ जीबीचा १२ डॉलरला पडतो. म्हणजे महिना साधारण ५४० किंवा १,०८० रुपये, वर कर. शे-दोनशे लोक वापरणाऱ्या ॲपला दुसरा पुरतो. व्हर्सेलसारख्या सेवेवर ॲप चढवणे सोपे असते, पण तिची फुकट हॉबी योजना केवळ वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक कामासाठी आहे. ग्राहकाचे ॲप तिच्यावर ठेवणे नियमात बसत नाही. प्रो योजना डेव्हलपरमागे महिना २० डॉलर, म्हणजे चौघांचे ७,२०० रुपये. फायरबेसच्या ब्लेझ योजनेत वापराप्रमाणे बिल येते आणि बजेटची मर्यादा घातली तरी ती फक्त इशारा देते, सेवा थांबवत नाही. एखादी चुकीची क्वेरी रात्रभर फिरली तर सकाळी बिल तुमच्या दारात. नवख्या टीमने ठरावीक भाड्याचाच सर्व्हर घ्यावा, असे मी ठामपणे सांगेन. मात्र बॅकअपची जबाबदारी मग तुमची. रोजचा बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवा आणि महिन्यातून एकदा तो परत उभा करून पाहा.

ग्राहकाला मोबाइल ॲपही हवे असते. गूगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर. बहुतेक अंतर्गत कामांना होम स्क्रीनवर ठेवता येणारे वेब ॲप पुरते आणि हा खर्च टळतो.

पैसे भरण्याची बाजूही सांभाळा. परदेशी सेवांवर १८ टक्के जीएसटी धरा. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर त्यांच्या बिलिंगच्या पानावर जीएसटी क्रमांक भरा. मग कर तुम्ही रिव्हर्स चार्जने भरता आणि त्याची वजावट मागता येते, सीएशी एकदा बोलून घ्या. रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियमही ध्यानात असू द्या. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या हप्त्यांना ई-मँडेट लागते, १५,००० रुपयांवरच्या बहुतेक हप्त्यांना दर वेळी ओटीपी लागतो, आणि काही परदेशी कंपन्यांचे हप्ते यात अडकतात. पेमेंट अडकून सर्व्हर बंद पडण्यापेक्षा, सोय असेल तिथे आधीच रक्कम भरून ठेवावी.

डोमेन, सर्व्हर आणि लायसन्स ग्राहकाच्या नावाने व ईमेलने घ्या, पैसेही थेट त्यालाच भरू द्या. आणि वर दिलेले दर खरेदीच्या दिवशी त्या-त्या कंपनीच्या किमतीच्या पानावर पुन्हा पाहूनच कोटेशन पाठवा.