जुन्या ग्लायडरचे मोल

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. लांब दोराच्या साहाय्याने ते पतंगासारखे वर ओढले जाते आणि दोर सुटला की तरंगत तरंगत खाली येते. वर चढणारी उष्ण हवा सापडली, तर घारीप्रमाणे घिरट्या घेत ते उंचही जाते. शिकाऊ ग्लायडरात दोन बैठका असतात. पुढे विद्यार्थी बसतो, मागे शिक्षक. नियंत्रणाचा दांडा मात्र दोघांच्याही हाताशी असतो.

जर्मनीतील पोपेनहाउझेन या गावी श्लायखर यांच्या कारखान्यात ‘ए.एस.के. 13’ हे असे ग्लायडर तयार झाले. त्याची रचना रुडॉल्फ कायझर यांनी केली. 1966 साली त्याने पहिले उड्डाण केले. लाकडी पंख, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर ताणून बसवलेले कापड, असे त्याचे अंग. अशी सहाशेंहून अधिक ग्लायडरे बनली. पुढे काचतंतूंचे ‘ए.एस.के. 21’ उडाले. ते घेण्यासाठी अनेक उड्डाणमंडळांनी आपली जुनी ग्लायडरे विकली. ज्या लहान मंडळांना नवे परवडत नाही, त्यांना ती उपकारक ठरली.

परंतु जुने ग्लायडर पारखणे हे बैल पारखण्याइतकेच जोखमीचे काम आहे. वरच्या रंगाला भुलणारा फसतो. जाणता ग्राहक आधी कागदपत्रे मागतो. जर्मनीत प्रत्येक ग्लायडरची एक फाईल असते. तिच्या नावाचा अर्थच ‘जीवनवृत्त’ असा आहे. उड्डाणे किती झाली, अपघात कोणते घडले, दुरुस्ती कोणी केली, हे सारे तिच्यात नोंदलेले असते. शिकाऊ ग्लायडरची उड्डाणे बहुधा काही मिनिटांचीच असतात. म्हणून उड्डाणाचे तास थोडे दिसले, तरी जमिनीवर उतरतानाचे धक्के त्याने हजारो वेळा सोसलेले असू शकतात.

मग अंगाची तपासणी होते. ओलाव्याने लाकडाचे सांधे सुटले आहेत काय, नळ्या गंजल्या आहेत काय, कापड जीर्ण झाले आहे काय, हे पाहिले जाते. शेवटी वजन करतात. शेपटीकडे दुरुस्ती करताना थोडे वजन वाढले, तरी तोल बिघडतो. सी-सॉच्या टोकाला बसलेले लहान मूल मध्याजवळ बसलेल्या मोठ्या माणसाला उचलते, तसाच हा प्रकार. शेपूट जड झालेले ग्लायडर गिरक्या खाऊ लागले, तर त्याला सावरणे कठीण होते.

एवढी दक्षता घेऊनही आतली एखादी भेग ग्राहकाच्या नजरेतून सुटू शकते. ग्लायडर कधी जोराने आदळले होते, हे विकणाऱ्याला मात्र ठाऊक असते. ती नोंद त्याने टाळली, तर त्याला चार पैसे अधिक मिळतील. पण युरोपातील नियमांनुसार 14 वर्षांचा विद्यार्थीही एकट्याने ग्लायडर उडवू शकतो. त्याने सौदा पाहिलेला नसतो. तो केवळ विश्वासाने त्या पंखांखाली बसतो. न लिहिलेल्या एका ओळीची किंमत त्याला आपल्या प्राणांनी मोजावी लागेल.

म्हणूनच सचोटीचा विक्रेता आपल्या ग्लायडरचे दोष आधी दाखवतो आणि गुण नंतर सांगतो.

स्वाध्याय
1. उड्डाणाचे तास थोडे असले, तरी शिकाऊ ग्लायडर झिजलेले का असू शकते?
2. शेपटीकडील वाढलेले वजन धोक्याचे का ठरते?
3. खोट्या नोंदीचे नुकसान ग्राहकापेक्षा कोणाला अधिक सोसावे लागते? का?