टोकन विकल्यावर हातात किती उरतं?

बिटकॉइन, इथर, यूएसडीटी किंवा आणखी कुठलं टोकन विकून रुपये हवे असतील, तर पावसच्या काय किंवा रत्नागिरीच्या काय, कुठल्याही बँकेत विचारायला जाऊ नका. बँका टोकन घेत नाहीत. काम फोनवर होतं, टोकनची खरेदी-विक्री चालवणाऱ्या एक्स्चेंजच्या अ‍ॅपमधून. रत्नागिरीची फेरी पडलीच तर ती कागदपत्रांपायी पडेल, म्हणून आधी कागद तपासा.

पॅन, आधार, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर एवढं लागतं. ओटीपी त्या नंबरावरच येतो. जुनं सिम बंद पडलं असेल, तर आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. फी 75 रुपये. पॅन आधारशी जोडलेलं नसेल, तर उशिराचे 1,000 रुपये भरून आधी जोडा. पॅन निष्क्रिय असताना विक्री केली, तर विक्रीच्या रकमेतून कापला जाणारा कर, म्हणजे टीडीएस, 1 टक्क्याऐवजी 20 टक्के कापला जाऊ शकतो. अ‍ॅप तुमचा थेट सेल्फी घेतं आणि खात्यात एक रुपया टाकून नाव जुळतं का ते बघतं. गाडं बहुतेक वेळा इथेच अडतं: पासबुकात आडनाव आधी, पॅनवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव गाळलेलं. नावं आधी सारखी करून घ्या. पत्नीच्या किंवा मुलाच्या खात्यात पैसे काढता येत नाहीत. पडताळणी काही मिनिटांत होते. नाव अडलं तर दिवस जातात.

एक्स्चेंज निवडताना बाकी जाहिराती सोडा, एकच गोष्ट बघा: ते केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदलेलं आहे का. मार्च 2023 पासून ही नोंदणी सक्तीची आहे. डिसेंबर 2023 मध्ये या विभागाने बायनान्स, कुकॉइनसह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या; या दोघांनी पुढे नोंदणी केली. नोंदणी म्हणजे पैशांची हमी नव्हे. वझीरएक्स या एक्स्चेंजवर 18 जुलै 2024 रोजी सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांचे व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, एक्स्चेंजवरच्या रकमेला तो नाही. विक्री झाली की त्याच दिवशी रुपये बँकेत काढा.

टोकन तुमच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये असेल, तर ते एक्स्चेंजवर पाठवावं लागेल. काही भारतीय अ‍ॅप बाहेरून टोकन घेतच नाहीत, तेव्हा खातं उघडण्याआधी हे विचारा. मग नेटवर्क जुळवा. यूएसडीटी ट्रॉनवर असतं, इथेरियमवर असतं, आणखीही नेटवर्कांवर असतं. चुकीच्या नेटवर्कवर पाठवलं तर बहुतेकदा गेलंच समजा. एक्सआरपीसारख्या टोकनला पत्त्यासोबत टॅगही लागतो. आधी थोडंसं पाठवून बघा, पोचलं की उरलेलं. नेटवर्कचं शुल्क वेगळं, आणि ते त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्यात द्यावं लागतं: ट्रॉनवरून यूएसडीटी हलवायचं तर वॉलेटमध्ये थोडं टीआरएक्स हवं. रक्कम लहान असेल, तर इथेरियमचं शुल्क परवडतं का ते आधी पाहा.

आता खरी मेख. अ‍ॅपवर मोठ्या अक्षरांत ‘शून्य शुल्क’ लिहिलेलं असतं आणि खाली एका बोटात विकायचं बटण. ते बटण दाबलं की भाव एक्स्चेंज ठरवतं. खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक हीच त्यांची कमाई, आणि ती पावतीवर कुठेच दिसत नाही. ते टाळायचं तर त्याच अ‍ॅपमधल्या ऑर्डर बुकवर, म्हणजे खरेदीदार-विक्रेत्यांच्या बोलींच्या यादीवर, जा आणि मर्यादा ऑर्डर लावा, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या भावाखाली विक्री होणार नाही. तिथे शुल्क उघड लागतं, पण डोळ्यांना दिसतं. शुल्कावर 18 टक्के जीएसटी. वाशीहून आलेल्या आंब्याच्या पट्टीत हमाली, तोलाई, दलाली जशी ओळीओळीने वाचता, तशी ही पावती वाचा.

दुसरा छुपा खर्च दुहेरी विक्रीचा. टोकन आधी यूएसडीटीत आणि मग यूएसडीटी रुपयांत केलं, तर विक्री दोनदा झाली. टीडीएस दोनदा, शुल्क दोनदा. टोकनला थेट रुपयांचा बाजार असेल तर तिथेच विका.

आकड्यांत सांगायचं तर असं. 80,000 रुपयांना घेतलेलं टोकन तुम्ही 1,00,000 ला विकलंत. शुल्क अर्धा टक्का धरू: 500 रुपये, त्यावर जीएसटी 90. उरलेल्या 99,410 वर 1 टक्का टीडीएस, म्हणजे 994. खात्यात येतील 98,416. पण हे सगळे तुमचे नाहीत. 20,000 च्या नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, मिळून 6,240. टीडीएस वजा जाता 5,246 अजून भरायचे आहेत. शेवटी हातात 93,170. पैसे काढण्याचं शुल्क असेल तर तेही वजा. नफा काढताना फक्त खरेदीची किंमत वजा होते. शुल्क आणि जीएसटीचे 590 रुपये वजा होत नाहीत. एका टोकनमध्ये 20,000 नफा आणि दुसऱ्यात 30,000 तोटा झाला, तरी कर 20,000 वर पूर्ण लागतो. हा तोटा पुढच्या वर्षीही वापरता येत नाही. नियम जाचक आहे, पण 2022 पासून तोच आहे. खरेदीची पावती जपा. ती नसेल तर नफा किती हे पटवून देणं तुमच्या गळ्यात पडतं.

विक्री काही सेकंदांत होते, रुपये खात्यात यायला काही मिनिटं ते एक दिवस.

टेलिग्रामवर कुणीतरी भेटेल: ‘भाव जास्त देतो, टीडीएस नाही, पैसे थेट खात्यात.’ नको. समोरून येणारे रुपये कुणा फसवलेल्या माणसाचे असू शकतात. त्याने दुसऱ्या राज्यात तक्रार केली की पावसच्या शाखेतलं तुमचं खातं गोठतं, आणि तुम्ही तिथल्या पोलिसांशी पत्रव्यवहार करत बसता. तसं झालंच तर बँकेकडून तक्रार क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि रोखलेली रक्कम लेखी मागून घ्या.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे पैसे निघण्याआधी पैसे मागणारं अ‍ॅप. खात्यात लाखो दिसतात आणि निरोप येतो, ‘आधी 30 टक्के कर भरा, मग रक्कम सुटेल.’ कर असा घेतला जात नाही. टीडीएस विक्रीच्या रकमेतून कापतात, उरलेला कर तुम्ही आयकर खात्याकडे भरता. वेगळे पैसे मागितले की समजा फसवणूक आहे. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा. आणि काही टोकनांना गिऱ्हाईकच नसतं. पुण्यात 2018 मध्ये गुन्हे दाखल झालेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात बिटकॉइनचं आश्वासन देऊन लोकांच्या हाती एमकॅप नावाचं टोकन दिलं होतं. असं टोकन ‘विकून देतो’ म्हणणाऱ्याला फी देऊ नका.

आखातात किंवा बोटीवर असलेला मुलगा घरखर्च यूएसडीटीत पाठवतो म्हणत असेल, तर त्याला बँकेतूनच पाठवायला सांगा. पैसा कुठून आला याचा कागद आपोआप तयार होतो.

शेवटचं काम विवरणपत्राचं. बागेतल्या आंब्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त असतं आणि त्यामुळे अनेकांनी कधी विवरणपत्र भरलेलंच नसतं. टोकनचा नफा शेतीत मोडत नाही. आयटीआर-1 किंवा 4 चालत नाही. आयटीआर-2 घ्या, धंदा असेल तर 3, आणि आभासी मालमत्तेच्या तक्त्यात प्रत्येक विक्री लिहा. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या फॉर्म 26एएसमध्ये आधी जुळवून बघा. तोटाच झाला असेल, तर टीडीएसचा परतावा मागण्याचा रस्ताही हाच. आयटीआर-2 ची नेहमीची मुदत 31 जुलै.