पहिल्याला बक्षीस: डब्यात नोट ठेवण्याआधीचा हिशेब

जिओकॅशिंगच्या, म्हणजे लपवलेले डबे जीपीएसच्या मदतीने शोधण्याच्या खेळाच्या, पहिल्याच डब्यात पैसे होते. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकी सरकारने काढून टाकली, आणि लगोलग ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, व्हिडिओ, बेचकी, काही खाण्याचं आणि थोडी रोकड. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश त्यांनी इंटरनेटवर टाकले आणि खेळ सुरू झाला. खाण्याच्या वस्तूंवर पुढे नियमाने बंदी आली, कारण वासावर जनावरं येतात. पैशांवर मात्र कधीच बंदी आली नाही. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी घरात पोरांच्या हट्टापायी पहिला डबा लपवायची वेळ येते, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो: जो पहिला शोधेल त्याच्यासाठी वीस डॉलर ठेवायचे का?

माझं उत्तर आधीच सांगतो. वीस नकोत. ठेवायचेच तर दोन ठेवा, आणि गाजावाजा न करता.

पैसे कोणाच्या खिशात जातात ते आधी बघा. नवा डबा खेळाच्या संकेतस्थळाच्या स्वयंसेवक परीक्षकाने मंजूर केला की सशुल्क सभासदांना तत्काळ सूचना जाते. या सभासदत्वाला वर्षाला साधारण चाळीस डॉलर पडतात. ही सूचना आली की गाडीची किल्ली उचलणारी मंडळी प्रत्येक गावात असतात, आणि ती बहुधा तीच तीच असतात. डब्यातल्या सह्यांच्या वहीत पहिलं नाव आपलं असावं, एवढ्यासाठी ती रात्री अकरालाही बाहेर पडतात. हा मान संकेतस्थळ चालवणारी कंपनी अधिकृतपणे मोजत नाही, त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही, तरी त्यांची हौस काही कमी होत नाही. म्हणजे तुमचे वीस डॉलर अशा माणसाला मिळणार, जो शून्य डॉलरलाही आलाच असता. नवख्या कुटुंबाला ओढून आणायचं म्हणून तुम्ही नोट ठेवता, पण ते शनिवारी नाश्ता करून निघतं. तोवर नोट गेलेली असते.

आता डब्याचा खर्च. फुकटात काम भागवायचं तर जुन्या फिल्म रोलची डबी मिळते. ती दोन पावसाळे काढत नाही. रबरी कडा आणि चारही बाजूंनी खटके असलेला प्लास्टिकचा डबा पाच डॉलरच्या आसपास मिळतो. लष्करी मालाच्या दुकानातला दारूगोळ्याचा लोखंडी डबा पंधरा ते पंचवीस डॉलरला पडतो, आणि नीट जागी ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. त्यावरची लष्करी अक्षरं रंगवून टाका आणि खेळाचं नाव ठळक लिहा, नाहीतर सापडेल त्याची छाती धडधडेल. पाण्यात न विरघळणाऱ्या कागदाची छोटी वही पाच-सात डॉलर. पेन्सिल फुकट, पेन ठेवू नका, थंडीत शाई गोठते.

वहीवर का खर्च करायचा, हे ओला डबा एकदा उघडला की कळतं. बहुतेक जण साधी वही झिपच्या पिशवीत घालतात, सोबत टोक केलेली पेन्सिल. पेन्सिल पिशवीला सुईएवढं भोक पाडते, झाकण नीट न लावता कोणीतरी जातो, आणि महिन्याभरात आतल्या पानांचा लगदा होतो. वर काळी बुरशी, त्यात अडकलेलं एखादं प्लास्टिकचं खेळणं. सही करायला जागाच उरत नाही, आणि वहीत सही नसेल तर डबा सापडल्याची नोंद मालक खोडू शकतो. तुमचा डबा पुढची दोनशे माणसं उघडणार असतील, तर वीस डॉलरच्या लोखंडी डब्याचा खर्च माणशी दहा सेंट पडतो. बक्षिसाचे वीस डॉलर एकट्याचे. पाच डॉलरचा गळका डबा आणि आत वीसची नोट, म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

नोटेपाठोपाठ जे येतं ते पावतीवर दिसत नाही. अमेरिकेतली बरीच उद्यानं अंधार पडला की बंद होतात. आत रात्री विजेरीचे झोत फिरू लागले की शेजारी पोलिसांना फोन करतात आणि जागेचा मालक तुम्हाला. दिलेली परवानगी रद्द व्हायला एवढं पुरतं. शिवाय पैशाच्या आशेने आलेला माणूस दगड उचलून परत ठेवत नाही, झुडपं मोडतो. इंग्लंडमध्ये किट विल्यम्स यांच्या १९७९ सालच्या ‘मॅस्करेड’ या चित्रपुस्तकात सोन्याच्या सशाचा ठावठिकाणा कोड्यात दडवला होता. लोकांनी भलभलत्या ठिकाणी जमीन उकरली. ससा १९८२ मध्ये बेडफर्डशरमधल्या अँप्टहिल इथे निघाला. विजेत्याचे धागेदोरे लेखकाच्या ओळखीतल्या व्यक्तीशी जुळलेले होते, हे १९८८ मध्ये उघड झालं आणि कोडं खरोखर सोडवणाऱ्यांची पंचाईत झाली.

तुमच्या वीस डॉलरवर वर्तमानपत्र अग्रलेख लिहिणार नाही, पण संशय त्याच जातीचा असतो. डबा लपवताना बरोबर आलेला मित्र, जागा आधी बघून गेलेली वहिनी, अक्षांश तपासून देणारा ऑफिसातला सहकारी, यांच्यापैकी कोणी पहिला ठरला की कुजबुज सुरू होते. नुसत्या सहीसाठी कोणी भांडत नाही. नोट असली की वहीत लिहिलेली वेळ खरी की ऑनलाइन नोंदीतली, यावर वाद होतात. दोघे एकदम पोचले तर सही शेजारी शेजारी करता येते, नोट फाडता येत नाही. आणि खेळाशी संबंध नसलेला कोणी वाटसरू सगळ्यांच्या आधी डबा उघडून पैसे घेऊन गेला, तर पहिल्या शोधकाला वाटतं तुम्ही खोटं बोललात.

मग दोन डॉलर तरी का? अमेरिकेत दोनची नोट चलनात असूनही हातात क्वचित येते. बँकेत मागितली तर दर्शनी किमतीला मिळते, आणि पुष्कळ शोधक ती खर्च न करता जपून ठेवतात. एक डॉलरचं सोनेरी नाणंही तसंच. ते भिजलं तरी फरक पडत नाही. माझी स्वतःची आवड विचाराल तर लाटेदार कडांचं ॲल्युमिनियमचं दहा पैशांचं नाणं. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी भारतात चलनातून बाद आहेत, म्हणजे त्याच्यासाठी कोणी रात्री कुंपण ओलांडणार नाही. गंजत नाही, वजनाला पिसासारखं, आणि आईच्या कपाटातल्या डबीत मूठभर तरी निघतातच. मोजता येईल असं काही हवं असेल, तर क्रमांक कोरलेलं, डब्या-डब्यांतून प्रवास करणारं धातूचं नाणं घ्या. ते दहा-पंधरा डॉलरला मिळतं आणि त्याचा प्रवास संकेतस्थळावर बघता येतो.

खरवडायचं लॉटरीचं तिकीट ठेवू नका. पहिलं कोणाचं पोर पोचलं तर त्याला ते वठवता येत नाही, आणि दमट डब्यात तिकिटाचा थर आपोआप सुटतो. दुकानाचं भेटकार्ड ठेवलंत तर डब्याच्या ऑनलाइन पानावर दुकानाचं नाव लिहू नका. जाहिरात वाटली की परीक्षक पान परत पाठवतो.

कराचं म्हणाल तर सापडलेला पैसा अमेरिकेत उत्पन्नच समजला जातो. जुन्या पियानोत ४,४६७ डॉलर सापडलेल्या एका जोडप्याला १९६९ च्या निकालानुसार त्यावर कर भरावा लागला. दोन डॉलरसाठी कोणी दार ठोठावत नाही, हा भाग वेगळा.

हाच बेत पुण्या-मुंबईत करायचा असेल तर बक्षिसाचा विचार नंतर करा, आधी डब्याचा करा. स्टेशन, मॉल किंवा सरकारी इमारतीजवळ ठेवलेला लोखंडी डबा ही बेवारस वस्तू ठरते, आणि बेवारस वस्तूला हात लावू नका हे आपण लोकलमध्ये रोज ऐकतो. संरक्षित किल्ल्यांवर काही पुरणं, खोचणं, चिकटवणं टाळाच. तिथे अर्थकॅश हा प्रकार बरा. त्यात डबा नसतो. खडकाचा थर किंवा दरीचा आकार बघून प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची असतात. खर्च शून्य, चोरी होण्याजोगं काही नाही आणि नोट ठेवायला जागाही नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांतही खरा डबा ठेवण्यापेक्षा हीच वाट सोपी पडते. एक सावधगिरी: परदेशातून येताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घेऊन येऊ नका. साधा फोन पुरतो. असं यंत्र विनापरवाना बाळगल्याबद्दल भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना अडवलं गेलं आहे.

इतकं सगळं वाचूनही नोट ठेवायचीच असेल, तर ती वेगळ्या छोट्या झिप पिशवीत घाला आणि आत चिठ्ठी टाका: ‘पहिल्या सहीसाठी. दोघे असाल तर आपापसात ठरवा.’ पानावर आधी जाहीर करू नका. पहिली नोंद आली की कुतूहलाने विचारणाऱ्यांसाठी पानावर ‘बक्षीस गेलं’ एवढं लिहून टाका, म्हणजे पुढचे लोक डबा उलटापालटा करत बसणार नाहीत. महिन्याभराने एक चक्कर मारा आणि रबरी कड, वही, पेन्सिल बघून या. जवळपास दुसरा डबा लपवायचा बेत असेल तर त्याच फेरीत जागा बघा. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, आणि ते नकाशावर मोजून मगच दुसरा डबा विकत घ्या.